वर्गमूळ काढताना आधीच्या उत्तराची दुप्पट का करायची?

तुमचे प्रश्न तीन आहेत. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्यांमधले फरक ३, ५, ७, ९ असे ओळीने विषमच का येतात? भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढताना दर टप्प्याला वरच्या उत्तराची दुप्पट का करायची? आणि √२५ चं उत्तर ५ लिहायचं की ±५? मुलीने हे विचारलं तेव्हा ‘पद्धतच तशी आहे’ एवढंच तुम्हाला सांगता आलं, आणि त्याची रुखरुख तुमच्या प्रश्नात दिसते. ती रुखरुख अगदी रास्त आहे. मी बरीच वर्षं गणित शिकवतो आहे, आणि वर्गमूळ हा असा भाग आहे की जो पाठ करून लगेच येतो आणि सुट्टीनंतर तितक्याच लवकर विसरला जातो. मुलं विसरतात, कारण त्यांनी ते कधी पाहिलेलंच नसतं.

पहिले दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. दोन्हींचं उत्तर एकाच चित्रात आहे. तिसरा वेगळा आहे, तो शेवटी घेऊ.

चौकटींचा कागद घ्या. त्यावर ५ चौकटी लांब आणि ५ चौकटी रुंद असा चौरस रंगवा. २५ चौकटी झाल्या. आता मुलीला सांगा, याचाच ६ × ६ चा चौरस कर, पण आधीचा खोडायचा नाही. ती काय करेल? उजवीकडे ५ चौकटींची एक उभी पट्टी लावेल, वर ५ चौकटींची एक आडवी पट्टी लावेल, आणि मग तिच्या लक्षात येईल की वरचा उजवा कोपरा रिकामा राहिला. तिथे एक चौकट. एकूण ५ + ५ + १ = ११. म्हणून २५ + ११ = ३६.

बाजू कितीही असो, हेच घडतं. बाजू ‘क’ असेल तर उजवीकडे क, वर क, आणि कोपऱ्यात १. म्हणजे

(क + १)² − क² = २क + १

दोन सारख्या संख्यांची बेरीज नेहमी सम असते. तिच्यात कोपऱ्यातली ती एकटी चौकट मिळवली की विषम होते. सगळा विषमपणा त्या एका चौकटीमुळे आहे. आणि बाजू एकाने वाढली की पट्टीचे दोन्ही हात एकेका चौकटीने वाढतात, म्हणून पुढचा फरक आधीच्यापेक्षा बरोबर २ ने मोठा असतो. या काटकोनी पट्टीला आपण नुसतं ‘पट्टी’ म्हणू. पुढे ती सारखी लागणार आहे.

एका चौकटीपासून सुरुवात करून पट्ट्या चढवत गेलं, तर १, १ + ३, १ + ३ + ५, १ + ३ + ५ + ७ असे चौरसच तयार होत जातात. पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज १०० असते, हे यातूनच आपोआप येतं. ही रांग निसर्गातही दिसते. उंचावरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात जेवढं अंतर पडते त्याच्या तिप्पट दुसऱ्या सेकंदात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात पडते (हवेचा अडथळा सोडून). गॅलिलिओने हा नियम मांडला, आणि त्यावरूनच एकूण अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे कळलं.

तोंडी हिशेबाला ही पट्टी फार कामाची आहे. ४० चा वर्ग १६०० हे माहीत असेल, तर ४१ चा वर्ग १६०० + ४० + ४१ = १६८१. ३९ चा वर्ग हवा असेल तर पट्टी काढून टाकायची: १६०० − ४० − ३९ = १५२१. जुनी बाजू आणि नवी बाजू यांची बेरीज म्हणजेच पट्टी. मुलांना २क + १ पेक्षा हे लवकर पटतं असा माझा अनुभव आहे.

आता पट्टी जाड करू. ४० च्या चौरसाला एकाच वेळी ३ चौकटी जाडीची पट्टी चढवली, तर उजवीकडे ४० × ३ चा आयत, वर ४० × ३ चा आयत आणि कोपऱ्यात ३ × ३ चा छोटा चौरस येतो. म्हणून ४३² = १६०० + १२० + १२० + ९ = १८४९. यालाच अक्षरांत लिहिलं की (अ + ब)² = अ² + २अब + ब². हे सूत्र पाठ असलेली मुलंसुद्धा घाईत (अ + ब)² = अ² + ब² लिहून मोकळी होतात. त्यांना चूक सांगत बसू नका. त्यांना मोठा चौरस आणि कोपऱ्यातला छोटा चौरस काढायला लावा आणि मधले दोन आयत कुठे गेले ते विचारा. एकदा ती दोन भोकं दिसली की चूक बहुतेक कायमची जाते. √(९ + १६) म्हणजे ३ + ४ असं लिहिणं ही त्याच चुकीची जुळी बहीण. √२५ म्हणजे ५, ७ नव्हे.

इथपर्यंत आलं की दुसरा प्रश्न जवळजवळ सुटलाच. वर्गमूळ काढणं म्हणजे हेच काम उलट्या दिशेने करणं. समजा तुमच्याकडे १८४९ चौकटी आहेत आणि त्या सगळ्या वापरून एक चौरस करायचा आहे. बाजू किती?

दहाच्या पटीतला सर्वांत मोठा चौरस आधी मांडा. ४० × ४० म्हणजे १६०० बसतात. ५० × ५० म्हणजे २५०० बसत नाहीत. ४० चा चौरस मांडून झाल्यावर हातात २४९ चौकटी उरल्या. त्यांची पट्टी करायची. पट्टीला दोन हात आहेत, प्रत्येक ४० लांब. दोन्ही मिळून ८०. हीच ती दुप्पट. चौरसाच्या दोन बाजूंना पट्टी लागते, म्हणून मुळाची दुप्पट करायची.

पट्टीची जाडी किती? २४९ ला ८० ने भागून अंदाज घ्या: ३. पण कोपराही भरायचा आहे. पट्टी मधून कापून सरळ एका रेषेत ठेवली तर तिची लांबी ४० + ४० + ३ = ८३ होते आणि जाडी ३. ८३ × ३ = २४९. सगळ्या चौकटी संपल्या, बाजू ४३.

भागाकार पद्धतीत आपण ‘४ ची दुप्पट ८, ८ च्या पुढे एक अंक लिही, आणि त्याच अंकाने गुण’ असं शिकवतो. ८ च्या पुढे लिहिलेला तो ३ म्हणजे कोपऱ्याची लांबी, आणि ज्याने गुणायचं तो ३ म्हणजे पट्टीची जाडी. कोपरा चौरस असल्यामुळे दोन्ही सारखेच असतात, म्हणून अंक तोच वापरायचा.

भागाकार पद्धतीत आधी संख्येतल्या अंकांच्या दोन-दोनच्या जोड्या का करायच्या, हाही प्रश्न मुली-मुलांना पडतो. बाजू दहापट झाली की चौरस शंभरपट होतो. मुळात एक शून्य वाढलं की वर्गात दोन वाढतात. म्हणून मुळातल्या एकेका अंकासाठी वर्गातल्या दोन-दोन अंकांची जागा सोडावी लागते, आणि ती एकक स्थानाकडून मोजायची. सगळ्यात डावीकडे एकटा अंक उरला तरी चालतो.

तीन अंकी मूळ असेल तर पट्ट्या दोन चढतात. ५४७५६ घ्या. जोड्या केल्या: ५ | ४७ | ५६. शेकड्यातला सर्वांत मोठा चौरस २०० चा, त्यात ४०,००० गेले, १४,७५६ उरले. पट्टीचे दोन हात मिळून ४००. जाडी दहाच्या पटीत हवी; ३० बसते, कारण ४३० × ३० = १२,९००. उरले १,८५६. आता चौरसाची बाजू २३०, हात मिळून ४६०, जाडी ४: ४६४ × ४ = १,८५६. मूळ २३४. वहीत आपण २, १४७, ४३ × ३, १८५६, ४६४ × ४ असं लिहितो तेव्हा फक्त शेवटची शून्यं गाळलेली असतात. मुलीकडून एक तरी उदाहरण सगळी शून्यं लिहून करून घ्या. थोडं लांबेल, पण ‘४३ कुठून आला’ हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये अंकांच्या जागांना आलटून पालटून ‘वर्ग’ आणि ‘अवर्ग’ अशी नावं दिली, आणि अवर्ग स्थानाला नेहमी मुळाच्या दुपटीने भागावं असा नियम एका श्लोकात सांगितला. म्हणजे आज तुमची मुलगी जी दुप्पट करते, ती दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे.

ही पद्धत वापरताना तीन ठिकाणी पाय घसरतो, ती सांगून ठेवतो.

एक, भागून घेतलेला अंदाज कधी कधी मोठा निघतो. ७८४ मध्ये २० चा चौरस काढला की ३८४ उरतात. ४० ने भागलं तर ९ येतात, पण ४९ × ९ = ४४१ बसत नाही. कारण भागताना आपण कोपरा धरलाच नव्हता. एक पायरी खाली या: ४८ × ८ = ३८४. मूळ २८. अंदाज चुकला म्हणजे पद्धत चुकली असं मुलांना वाटतं आणि ती सगळं खोडतात. तसं करू देऊ नका.

दुसरं, मधलं शून्य. ९३०२५ च्या जोड्या ९ | ३० | २५. ३ चा वर्ग ९, बाकी शून्य, खाली ३० घेतले. ६ च्या पुढे कोणता अंक? ६१ × १ सुद्धा ३० पेक्षा मोठा. म्हणून अंक ०, आणि तो वर उत्तरात लिहायचा. मग २५ खाली घेऊन ३०२५, आणि ६०५ × ५ = ३०२५. मूळ ३०५. हे शून्य गाळून ३५ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. यावर एक सोपा पहारा आहे: जोड्या जितक्या, तितके मुळातले अंक. तीन जोड्या असताना उत्तर दोन अंकी आलं की थांबायचं.

तिसरं, दशांश चिन्ह. जोड्या दशांश चिन्हापासून दोन्ही दिशांना करायच्या. ०.९ म्हणजे ०.९०, आणि त्याचं मूळ साधारण ०.९४८७. ०.३ नव्हे, ०.३ चा वर्ग ०.०९ असतो. एकापेक्षा लहान धन संख्येचं वर्गमूळ त्या संख्येपेक्षा मोठं असतं, हे मुलांना विचित्र वाटतं. ०.२५ चं मूळ ०.५. एक एकक बाजूच्या चौरसात अर्ध्या बाजूचा चौरस काढून दाखवा: बाजू निम्मी, पण जागा पाव.

शाळेत आणखी एक रीत शिकवतात, विषम संख्या वजा करत जाण्याची. ४९ मधून १, ३, ५, ७, ९, ११, १३ वजा केले की शून्य उरतं. सात वेळा वजा केलं, म्हणून मूळ ७. हे म्हणजे चौरसाच्या पट्ट्या एकेक करून सोलणंच. लहान संख्यांना ठीक आहे, पण १८४९ साठी त्रेचाळीस वजाबाक्या कोण करणार? इथे जोड्यांची युक्ती जोडली की रीत एकदम देखणी होते. १८ मधून १, ३, ५, ७ वजा करा. चार वेळा, उरले २. पुढची जोडी खाली घ्या: २४९. आता ४० च्या चौरसावर चढणारी पहिली एक चौकट जाडीची पट्टी ८१ ची, म्हणून वजाबाकी ८१ पासून सुरू करा: ८१, ८३, ८५. तीन वेळा, उरलं शून्य. मूळ ४३. यात भागाकार नाही, अंदाज नाही, नुसती वजाबाकी. हाताने फिरवायच्या यांत्रिक गणनयंत्रांवर वर्गमूळ काढायला विषम संख्यांची हीच युक्ती वापरली जायची. पाढे कच्चे असलेल्या मुलांना मी आधी हीच रीत देतो.

पूर्ण वर्ग नसलेल्या संख्यांकडे वळू, कारण पट्टीची खरी ताकद तिथे दिसते. क² आणि (क + १)² यांच्यामध्ये २क इतक्या पूर्ण संख्या असतात आणि त्यांतली एकही पूर्ण वर्ग नसते. २५ आणि ३६ यांच्यामध्ये अशा दहा. त्यांतली ३० घेऊ.

३० मधून ५ चा चौरस काढला, ५ उरले. पट्टीचे हात मिळून १०. पट्टीची जाडी ‘ज’ धरली तर कापून सरळ केलेल्या पट्टीची लांबी १० + ज. म्हणून

ज = ५ ÷ (१० + ज)

उजवीकडेही ज आहे, त्यामुळे हे लगेच सुटत नाही. पण ज शून्य आणि एक यांच्यामध्ये आहे एवढं तर नक्की. कोपरा धरलाच नाही तर ज = ५/१० = ०.५. कोपरा पूर्ण एकाचा धरला तर ज = ५/११, म्हणजे साधारण ०.४५५. खरी जाडी या दोहोंच्या मध्येच असणार. म्हणजे √३० हे ५.४५५ आणि ५.५ यांच्यामध्ये, आणि हे कागद न घेता सांगता आलं. आणखी नेमकं हवं असेल तर मिळालेला अंदाज पुन्हा उजवीकडे घाला. ०.४५५ घातला तर ५ ÷ १०.४५५ = ०.४७८. तो पुन्हा घातला की ०.४७७. खरं उत्तर ५.४७७२… असं आहे. दोन फेऱ्यांत तीन दशांश स्थळं बरोबर आली.

हीच युक्ती √२ ला लावली की एक सुंदर गोष्ट हाती लागते. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदींच्या मापांवरच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाच्या कर्णाचं माप असं सांगितलं आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. म्हणजे

१ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४)

तिसरा, चौथा समजू शकतो. पण हा चौतीस कुठला? मी विद्यार्थी असताना हे वाचलं आणि चौतीस बघून थबकलो होतो. पट्टीने तो असा उलगडतो. एकक बाजूचे बारा भाग करा. एकक चौरसात १४४ बारीक चौकटी येतील, आणि दोन चौरसांत २८८. आपल्याला २८८ चौकटींचा एकच चौरस हवा आहे. १७ चा वर्ग २८९. फक्त एक चौकट जास्त! (पहिली तीन पदं १ + १/३ + १/१२ म्हणजे हेच १७/१२.) आता ती एक जादा चौकट काढायची, तर १७ च्या चौरसाच्या दोन बाजूंवरून बारीकशी पट्टी तासायची. दोन बाजू मिळून ३४. एक चौकट ३४ लांबीत वाटली तर जाडी १/३४ चौकट. हाच तो चौतीस: १७ ची दुप्पट. सूत्रकारांनी नेमका हाच विचार केला होता का, याचा खुलासा सूत्रात नाही. पण संख्या मात्र चपखल बसतात. एकूण ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५…, खरी किंमत १.४१४२१३… . ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. इथेही फक्त एकाचा फरक. तासताना कोपरा दोनदा मोजला गेला, म्हणून आपण किंचित कमी तासलं आणि उत्तर केसभर मोठं राहिलं.

प्राचीन बाबिलोनियात √२ ची याहूनही थोडी चांगली किंमत माहीत होती. येल विद्यापीठाच्या संग्रहात इ.स.पू. १८०० ते १६०० च्या सुमाराची एक मातीची पाटी आहे. तिच्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि साठाच्या पद्धतीत १. २४, ५१, १० असे अंक कोरलेले आहेत. म्हणजे १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२,१६,०००, आणि हे १.४१४२१२९… भरतं.

मात्र कितीही पट्ट्या तासल्या तरी √२ चा हिशेब अपूर्णांकात संपत नाही. त्याची सिद्धता मी अशी सांगतो. पूर्ण वर्गाचे मूळ अवयव पाडले की प्रत्येक अवयव सम वेळा येतो, कारण मुळातला प्रत्येक अवयव दोनदा घेतलेला असतो. √२ = प/फ असतं तर प² = २ × फ² झालं असतं. डावीकडे २ हा अवयव सम वेळा. उजवीकडे फ² मध्ये सम वेळा आणि वर आणखी एकदा, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येत हे दोन्ही होऊ शकत नाही. झालं.

पुन्हा फरकांकडे येतो, कारण तुमच्या मुलीने शेजारच्या वर्गांचेच फरक पाहिले आहेत आणि पुढे आणखी मजा आहे. कोणत्याही दोन वर्गांचा फरक म्हणजे जाड पट्टी. ती कापून सरळ ठेवली की आयत होतो, ज्याची एक बाजू अ − ब आणि दुसरी अ + ब. म्हणून अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). आता उलट विचार करा: ४५ ही संख्या दोन वर्गांचा फरक म्हणून कशी लिहिता येईल? ४५ चे आयत तीन: १ × ४५, ३ × १५, ५ × ९. प्रत्येक आयत दुमडून पट्टी होते:

४५ = २३² − २२² = ९² − ६² = ७² − २²

विषम मूळ संख्येचा आयत एकच असतो, म्हणून ती एकाच तऱ्हेने लिहिता येते: १३ = ७² − ६². आणि ६, १०, १४, १८ या संख्या कितीही खटपट केली तरी दोन वर्गांचा फरक होत नाहीत. अ + ब आणि अ − ब यांच्यातला फरक २ब, म्हणजे सम. म्हणून ते दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. दोन्ही विषम असतील तर गुणाकार विषम, दोन्ही सम असतील तर गुणाकाराला ४ ने भाग जातो. २ ने भाग जातो पण ४ ने जात नाही अशा संख्येला इथे जागाच नाही. हे मुलीला सांगू नका. तिला १ ते २० पर्यंतच्या संख्या देऊन प्रयत्न करू द्या. २, ६, १०, १४, १८ अडतात हे तिचं तिलाच सापडलं पाहिजे.

यातूनच मोठ्या संख्येचे अवयव पाडायची रीत निघते. १७ व्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ती वापरली. ४३०७ चे अवयव हवे आहेत? तिच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग ६६² = ४३५६. फरक ४९, म्हणजे ७². मग ४३०७ = ६६² − ७² = ५९ × ७३. लहान मूळ संख्यांनी एकेक करून भागत बसलो असतो तर ५९ पर्यंत जावं लागलं असतं. अर्थात दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही रीत वेगवान ठरते. म्हणूनच संगणकावरच्या कूटलेखनासाठी (मजकूर गुप्त ठेवण्यासाठी) दोन मोठ्या मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळच्या नसाव्यात अशी काळजी घेतात.

आणखी एक फरक मला विशेष आवडतो. २४² = ५७६, २६² = ६७६. २३² = ५२९, २७² = ७२९. २२² = ४८४, २८² = ७८४. २५ पासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या संख्यांच्या वर्गांचे शेवटचे दोन अंक सारखेच. कारण (२५ + क)² − (२५ − क)² = ५० × २क = १००क. फरक शंभराच्या पटीत, म्हणून शेवटचे दोन अंक हलतच नाहीत. २५ पर्यंतचे वर्ग पाठ असले की ५० पर्यंतचे असे हाताशी येतात: ३३ हवे असतील तर १७ चा वर्ग २८९ आणि त्यात ८०० मिळवा, १०८९.

शेवटच्या अंकावरून पूर्ण वर्ग ओळखण्याबद्दल थोडक्यात. वर्गाच्या एकक स्थानी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत, कारण ० ते ९ पैकी कोणाच्याच वर्गात ते एकक स्थानी नाहीत. शेवटी शून्यं असतील तर ती सम संख्येत असतात. एकक ६ असेल तर दशकाचा अंक विषम असतो: १६, ३६, १९६, ५७६. या कसोट्यांनी संख्या बाद करता येते, पास करता येत नाही. मुलं हे उलटं वापरतात, तेवढं लक्षात असू द्या.

आता तिसरा प्रश्न. क्ष² = २५ हे समीकरण असेल तर उत्तरं दोन, ५ आणि −५, कारण दोघांचाही वर्ग २५. २५ ची वर्गमुळं किती, असं विचारलं तरीही दोनच. पण √ हे चिन्ह त्या दोहोंपैकी फक्त ऋण नसलेलं मूळ दाखवतं. म्हणून √२५ = ५, एवढंच. ±५ लिहिलं तर ते चूक.

हा संकेत का पाळायचा? चिन्हाचा अर्थ एकच संख्या असला पाहिजे, नाहीतर पुढचा हिशेबच करता येणार नाही. √२५ म्हणजे ±५ आणि √९ म्हणजे ±३ धरलं, तर √२५ + √९ चं उत्तर ८, २, −२ की −८? म्हणून दुसरं मूळ हवं असेल तेव्हा −√२५ असं वेगळं लिहायचं, आणि दोन्ही हवी असतील तर ±√२५. वर्गसमीकरणाच्या सूत्रात √ च्या आधी ± मुद्दाम लिहावं लागतं ते याचसाठी. चिन्हातच दोन्ही अर्थ असते तर ते लिहायची गरजच नव्हती.

यातला एक बारकावा मोठ्या वर्गांतल्या मुलांनाही चकवतो. √(क²) = क हे क ऋण नसतानाच खरं आहे. क ऋण असेल तर उत्तर −क येतं. मुलीला √((−७)²) ची किंमत विचारा. ती −७ म्हणाली, तर आधी वर्ग काढून ४९ लिहायला सांगा, आणि मग पुन्हा चिन्हाकडे बघायला सांगा.